पदवी शिक्षणातील कर्णबधिर विद्यार्थ्यांचे समावेशन : एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत विद्वान माणसाला 'बहुश्रुत' म्हणण्याची रीत आहे. ज्याने पुष्कळ ऐकले तो बहुश्रुत. वेद म्हणजे श्रुती. नवविधा भक्तीत पहिली श्रवणभक्ती, आणि समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'तील चौथ्या दशकाचा पहिला समासही तिच्यावरच आहे. ज्ञानेश्वरांनी गीतार्थ सांगितला तो समोर बसलेल्या श्रोत्यांना उद्देशून. ज्ञान कानावाटे येते ही समजूत आपल्या परंपरेत इतकी मुरलेली आहे की, आधुनिक विद्यापीठाबरोबर छापील ग्रंथ आणि लेखी परीक्षा आल्या तरी वर्गातील मुख्य व्यवहार व्याख्यानाचाच राहिला. ज्याला ऐकू येत नाही अशा विद्यार्थ्याने या व्यवस्थेत पदवी कशी मिळवावी, हा प्रश्न त्यामुळे सोयीसवलतींच्या यादीत मावणारा नाही.

प्रस्तुत लेखात समावेशनाविषयीचा कायदा, शैक्षणिक धोरण आणि महाविद्यालयांच्या मूल्यांकनाची चौकट यांची शब्दयोजना तपासली असून, ती महाविद्यालयीन वर्गातील प्रत्यक्ष व्यवहाराशी ताडून पाहिली आहे. या तिन्ही ठिकाणी कर्णबधिर विद्यार्थ्याकडे अपंग शरीर म्हणून पाहिले जाते. तो एका वेगळ्या भाषेचा भाषक आहे किंवा होऊ शकतो, याची दखल पदवीच्या पातळीवर जवळजवळ घेतली जात नाही. प्रवेश मिळूनही समावेशन का होत नाही, याचे कारण येथे शोधावे लागते.

संज्ञा आणि संख्या

'बहिरा', 'मुका', 'मूकबधिर', 'कर्णबधिर', 'श्रवणबाधित' आणि आता 'दिव्यांग' अशा संज्ञा एकामागून एक आल्या. त्यांपैकी 'मूकबधिर' ही संज्ञा अनेक शाळांच्या पाट्यांवर आजही आहे. ज्याला ऐकू येत नाही तो मुकाही असणारच, हे गृहीत त्या जोडशब्दात बसलेले आहे. बधिर व्यक्तीचे स्वरयंत्र सहसा शाबूत असते. ती बोलत नाही, कारण तिने बोलणे ऐकलेले नसते. संज्ञा बदलल्याने वृत्ती बदलते असे नाही. परंतु 'दिव्यांग' या सर्वसमावेशक संज्ञेमुळे एक नवी अडचण मात्र निर्माण झाली आहे. चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थी, दृष्टिहीन विद्यार्थी आणि बधिर विद्यार्थी यांच्या गरजा एकमेकींशी फारशा जुळत नाहीत, तरी कागदावर ते एकाच रकान्यात येतात आणि त्या रकान्यासाठी जे केले ते सर्वांसाठी केले असे मानले जाते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या अनुसूचीत दोन्ही कानांत ७० डेसिबलची श्रवणहानी असलेल्या व्यक्तीस 'बधिर' आणि ६० ते ७० डेसिबल श्रवणहानी असलेल्या व्यक्तीस 'अल्पश्रवण' म्हटले आहे. प्रमाणपत्रासाठी ही व्याख्या पुरेशी असेल. शिक्षणासाठी ती अपुरी आहे, कारण श्रवणशक्ती कोणत्या वयात गेली याविषयी ती काही सांगत नाही. सतराव्या वर्षी आजारपणात ऐकू येईनासे झालेली विद्यार्थिनी आणि जन्मापासून बधिर असलेली विद्यार्थिनी यांच्या प्रमाणपत्रावर एकच आकडा असू शकतो. पहिलीजवळ मराठी पूर्ण आहे. तिला फक्त ती लेखी रूपात मिळाली पाहिजे. दुसरीला मराठी ही जिचा नाद कधी पोहोचलाच नाही अशी परकी भाषा आहे. महाविद्यालयाच्या दृष्टीने हा भेद डेसिबलपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे आणि प्रवेश अर्जात तो कोठेही विचारला जात नाही.

संख्येचाही असाच घोळ आहे. २००१ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे १२.६ लाख होती, तर २०११ च्या जनगणनेत ती सुमारे ५०.७ लाख झाली. दहा वर्षांत बधिर चौपट झाले असे कोणी म्हणणार नाही. विचारण्याची आणि मोजण्याची रीत बदलली, एवढाच त्याचा अर्थ. २०११ नंतरची जनगणना लांबल्यामुळे नियोजनाला आजवर हाच आकडा वापरावा लागला आहे.

कायद्यातील समावेशन

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने शासकीय आणि अनुदानित शैक्षणिक संस्थांत किमान ३ टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद केली. २०१६ च्या अधिनियमातील कलम ३२ अन्वये उच्च शिक्षणात हे प्रमाण किमान ५ टक्के झाले आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूटही मिळाली. दरम्यान भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास अनुसमर्थन दिले होते. त्या कराराच्या २४ व्या अनुच्छेदात सांकेतिक भाषा शिकण्याची सोय करणे आणि बधिर समुदायाच्या भाषिक ओळखीस चालना देणे या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. 'समुदाय' आणि 'भाषिक ओळख' हे तेथील कळीचे शब्द होत.

भारतीय अधिनियमाच्या शिक्षणविषयक प्रकरणात हे दोन्ही शब्द त्या अर्थाने येत नाहीत. कलम १६ मध्ये अंध व बधिर व्यक्तींना सर्वाधिक योग्य अशा भाषांतून व संपर्कसाधनांतून शिक्षण मिळेल असे पाहावे, असे म्हटले आहे. मात्र त्या कलमाचे क्रियापद 'प्रयत्न करील' असे आहे. आरक्षणाच्या कलमात प्रयत्नाची भाषा नाही. तेथे जागा राखून ठेवणे बंधनकारक आहे. म्हणजे प्रवेशाची हमी दिली गेली आणि प्रवेशानंतर वर्गात कोणत्या भाषेत शिकवले जाईल, हा मुद्दा प्रयत्नांवर सोडला गेला. न्यायालयांनी अलीकडे ही दरी काही अंशी भरून काढली आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'वाजवी सोय' हे तत्त्व समानतेच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. तो खटला लेखनिकाच्या सोयीचा होता. बधिर विद्यार्थ्याच्या वर्गातील भाषेपर्यंत हे तत्त्व पोहोचवण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.

सवलतीची किंमत

याच अधिनियमाच्या कलम १७ मध्ये अभ्यासक्रम व परीक्षापद्धतीत करावयाच्या बदलांची यादी आहे. तीत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेच्या अभ्यासक्रमातून सूट यांचा उल्लेख आहे. भाषाविषयातील सूट ही शालेय पातळीवर बधिर विद्यार्थ्यांना मिळणारी सर्वांत मोठी सवलत. तिच्यामागील हेतू दयाळू आहे याविषयी शंका नाही. परंतु समीक्षा हेतूची करून भागत नाही, परिणामाचीही करावी लागते.

ज्या मुलाला भाषा मिळण्यातच अडचण आहे, त्याची अडचण भाषा कमी करून सोडवली गेली. त्या जागी त्याला दुसरी भाषा, म्हणजे सांकेतिक भाषा, विषय म्हणून दिली असती तर ती अदलाबदल ठरली असती. तसे झाले नाही. तेथे केवळ वजाबाकी झाली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने भारतीय सांकेतिक भाषा हा माध्यमिक स्तरावरील भाषाविषय म्हणून स्वीकारल्याची घोषणा जुलै २०२१ मध्ये झाली. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण आज पदवीच्या वर्गात बसलेल्या अनेक विद्यार्थ्यांचे शालेय शिक्षण त्यापूर्वीच पूर्ण झालेले किंवा पुष्कळसे उरकलेले होते. ते एक अर्धवट लेखी भाषा आणि एक अनौपचारिक सांकेतिक भाषा घेऊन महाविद्यालयात येतात.

शाळेतील ही सूट पदवीला आपोआप सोबत येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात २०२४-२५ पासून संलग्नित महाविद्यालयांत जी नवी रचना लागू झाली, तीत क्षमता संवर्धनासाठी भाषेचे अभ्यासक्रम आहेत. अंतर्गत मूल्यमापनात सादरीकरण, गटचर्चा आणि तोंडी परीक्षा यांना पूर्वीपेक्षा अधिक वाव आहे. शाळेने ज्याला भाषेतून सूट दिली त्याच्याकडून महाविद्यालय भाषेतच सर्व काही मागते. प्रथम वर्षालाच अशा विद्यार्थ्याने महाविद्यालय सोडले, तर त्याची नोंद 'गळती' अशी होते.

मूल्यांकनाचा तक्ता

महाविद्यालये समावेशन म्हणजे काय समजतात हे पाहायचे असेल, तर राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, म्हणजे 'नॅक'च्या, २०२० च्या सुमाराच्या नियमावलीतील ७.१.७ हा निर्देशक पाहावा. दिव्यांगस्नेही आणि अडथळामुक्त परिसराविषयीच्या या निर्देशकात पाच बाबी होत्या : वर्गांपर्यंत पोहोचण्यासाठी उतार किंवा उद्वाहक, दिव्यांगस्नेही स्वच्छतागृहे, स्पर्शमार्ग, दिवे आणि दिशादर्शक फलक, सुगम संकेतस्थळ व पडदावाचक आज्ञावली यांसारखे साहाय्यक तंत्रज्ञान, आणि चौकशीसाठी मानवी साहाय्य, वाचक, लेखनिक, वाचनसाहित्याच्या संगणकीय प्रती. यांतील जितक्या बाबी उपलब्ध, तितके गुण अधिक.

या पाच बाबी एका बधिर विद्यार्थ्याच्या नजरेने वाचल्या तर काय दिसते? उतार त्याला नको, कारण तो जिना चढतो. स्पर्शमार्ग आणि पडदावाचक दृष्टिहीनांसाठी. वाचकही त्यांच्यासाठीच. फलक त्याच्या उपयोगाचे आहेत, पण तितकेच ते इतर सर्वांच्याही उपयोगाचे आहेत. दुभाषी, उपशीर्षके, सांकेतिक भाषा जाणणारा शिक्षक यांचा उल्लेख या पाचांत नाही. एखाद्या महाविद्यालयाने या निर्देशकात पूर्ण गुण मिळवावेत आणि त्याच वेळी त्याच्या परिसरात बधिर विद्यार्थ्याशी दोन वाक्ये बोलू शकणारा एकही कर्मचारी नसावा, हे या चौकटीत अगदी नियमाला धरून होते. उतार छायाचित्रात दिसतो आणि ते छायाचित्र स्वयंमूल्यमापन अहवालाला जोडता येते. वर्गात कोणाला काय कळले नाही, याचे छायाचित्र निघत नाही.

हा दोष एकट्या 'नॅक'चा नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुन्या 'हेपसन' योजनेतही सक्षमीकरण कक्ष, इमारतींतील सुगमता आणि विशेष उपकरणे असे तीन भाग होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शालेय शिक्षणाच्या प्रकरणात भारतीय सांकेतिक भाषेचे देशभर प्रमाणीकरण करण्याचा आणि बधिर विद्यार्थ्यांसाठी त्या भाषेत अभ्याससाहित्य तयार करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. स्थानिक सांकेतिक भाषांचा आदर राखण्याविषयीही तेथे म्हटले आहे. परंतु तेच धोरण उच्च शिक्षणातील समतेच्या प्रकरणात संस्थांनी करावयाच्या गोष्टींची यादी देते, तेव्हा चाकाच्या खुर्चीसाठी सुगम इमारतींचा उल्लेख येतो आणि सांकेतिक भाषेचा येत नाही. एकाच दस्तऐवजात बधिर मूल शाळेत भाषक असते आणि महाविद्यालयात पोहोचताच त्याची भाषा गळून पडते. आयोगाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेली सुगमताविषयक मार्गदर्शक तत्त्वे या तुलनेत अधिक सजग आहेत. पण ती मार्गदर्शक तत्त्वेच आहेत.

वर्गातील व्यवहार

'समोरच्या बाकावर बसवावे, म्हणजे ओठांवरून कळते' असा एक सल्ला महाविद्यालयांत सर्रास दिला जातो. त्याची तपासणी मराठी वर्णमालेनेच करावी. आपल्या वर्णमालेची रचना उच्चारस्थानानुसार आहे आणि तिच्या शास्त्रशुद्धतेचा आपल्याला रास्त अभिमान आहे. त्याच रचनेत ओष्ठवाचनाची मर्यादाही स्पष्ट लिहिलेली आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य या पाच वर्गांपैकी ओठांवर उच्चारला जाणारा वर्ग एकच. त्या एका वर्गातील वर्णही एकमेकांपासून वेगळे दिसत नाहीत, कारण घोष-अघोष, अल्पप्राण-महाप्राण आणि अनुनासिक हे भेद घशात, श्वासात आणि नाकात घडतात. पार, बार, भार आणि मार हे चार शब्द ओठांवर एकच शब्द आहेत. काल, खाल आणि गाल यांतील पहिला वर्ण तर तोंडाच्या आतच राहतो. ओष्ठवाचन करणारा विद्यार्थी मुख्यतः संदर्भावरून अंदाज बांधत असतो. घरगुती संभाषणात हा अंदाज पुष्कळदा खरा ठरतो, कारण तेथील वाक्ये ठरावीक असतात. 'सीमांत उपयोगिता' किंवा 'वक्रोक्ती' ही संज्ञा प्रथमच कानावर पडत असताना अंदाज कशाच्या आधारे बांधायचा? संदर्भ तर त्या व्याख्यानातूनच तयार व्हायचा असतो.

त्यात अध्यापनाची आपली रीत. मराठी माध्यमाच्या कला आणि वाणिज्य महाविद्यालयांत टिपणे सांगण्याची प्रथा अजून पुरेशी जिवंत आहे. प्राध्यापक सांगतात, विद्यार्थी मान खाली घालून लिहितात. ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्याचे कान व्याख्यानाकडे आणि डोळे वहीकडे असे श्रमविभाजन होते. बधिर विद्यार्थ्याची दोन्ही कामे डोळ्यांनाच करावी लागतात. वहीकडे पाहिले की व्याख्यान तुटते आणि प्राध्यापकांकडे पाहिले की लेखन थांबते. प्राध्यापक फळ्याकडे वळून बोलू लागले, वर्गात येरझारा घालू लागले, दारातून येणारा उजेड त्यांच्या पाठीमागे आला, की ओठही दिसेनासे होतात. २०२०-२१ मधील मुखपट्टीच्या काळात हे सर्वांसाठी एकदमच घडले आणि दूरस्थ तासिकांत उपशीर्षकांवाचून चौकोनात हलणारे चेहरे तेवढे उरले.

मग हे विद्यार्थी उत्तीर्ण कसे होतात? पुष्कळदा शेजारच्याच्या वहीवर. एखादा मित्र किंवा मैत्रीण आपली वही देते, परीक्षेपूर्वी खुणांनी, लिहून, हातवारे करून समजावून सांगते. महाविद्यालयीन समावेशनाचा बराचसा भार अशा विनावेतन, अप्रशिक्षित आणि अनामिक मदतीवर उभा आहे. ही मदत मोलाची आहे. तिच्याविषयी कृतज्ञच असावे लागेल. परंतु वही देणारा विद्यार्थी ज्या दिवशी गैरहजर राहतो, त्या दिवशी बधिर विद्यार्थी हजर असूनही गैरहजर असतो, आणि हजेरीपटावर मात्र तो हजर लागतो. वही देणाऱ्याने जे लिहून घेतले तेवढेच त्याला मिळते. प्राध्यापकांनी मध्येच सांगितलेला किस्सा, एखाद्या विद्यार्थ्याने विचारलेला आडवा प्रश्न, त्यावर उसळलेला हशा, हे सारे वहीत येत नाही. पदवी शिक्षण ज्यामुळे पुस्तकापेक्षा वेगळे ठरते, तो भाग नेमका तेथे असतो.

दुभाष्याची नेमणूक हा यावरचा सरळ उपाय वाटतो, आणि तो आवश्यकही आहे. पण तो पुरेसा आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल. दुभाषी वक्त्याच्या काही क्षण मागे चालतो. प्राध्यापकांनी प्रश्न विचारला आणि पहिल्या बाकावरून उत्तर आले, तोवर प्रश्न बधिर विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतच असतो. दुभाष्याकडे पाहताना टिपणे घेता येत नाहीत. म्हणून टिपणे घेणारा दुसरा साहाय्यक लागतो. दुभाष्याला त्या विषयाची जाण नसेल तर तो संज्ञा अक्षरशः बोटांनी लिहून दाखवतो, आणि ज्या विद्यार्थ्याला ती संज्ञा लेखी रूपातही अपरिचित आहे त्याला त्याचा उपयोग होत नाही. बोललेले लगेच अक्षरांत उमटवणारी भ्रमणध्वनीवरील उपयोजने आता मराठीतही काम देतात; मात्र ती उपयुक्त ठरतात ती वेगाने मराठी वाचू शकणाऱ्याला, म्हणजे पुन्हा उशिरा बधिर झालेल्या विद्यार्थ्याला. कर्णावर्त रोपण केलेल्या विद्यार्थ्यांचीही एक पिढी आता महाविद्यालयांत येत आहे. शांत खोलीत चांगले ऐकणारा असा विद्यार्थी शंभर जणांच्या, पंख्यांच्या घरघरीच्या वर्गात चाचपडतो. 'यंत्र बसवले आहे ना' या समजुतीमुळे त्याची अडचण सर्वांत कमी ओळखली जाते.

परीक्षेतील सोयींविषयी थोडे. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षेच्या प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळतात आणि लेखनिकाचीही सोय आहे. लेखनिक म्हणजे सांगितलेले लिहिणारा. बधिर विद्यार्थ्याने त्याला सांगायचे कसे आणि कोणत्या भाषेत, याचा विचार या सोयीत दिसत नाही, कारण ती मुळात त्याच्यासाठी कल्पिलेली नव्हती. त्याला लिहिता येते. त्याची अडचण लिहिलेल्या मराठीच्या तपासणीत आहे. 'रायगडावर राज्याभिषेक झाला' याऐवजी 'रायगड राज्याभिषेक झाले' असे लिहिणाऱ्याला घटना ठाऊक आहे. विभक्तिप्रत्यय आणि लिंगवचनाचा मेळ त्याच्या कानांनी कधी पक्का केलेला नाही. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत या चुकीला अज्ञान समजून गुण कापावेत काय, याविषयी परीक्षकांसाठी लिखित सूचना असावयास हव्यात.

भाषा म्हणून सांकेतिक भाषा

येथवरच्या विवेचनामागे एक गृहीत आहे. सांकेतिक भाषा ही हातवाऱ्यांची जमवाजमव नसून व्याकरण असलेली भाषा आहे, हे ते गृहीत होय. अमेरिकी भाषाभ्यासक विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकी सांकेतिक भाषेची रचना दाखवून दिली आणि तिला भाषेचा दर्जा मिळवून देणाऱ्या संशोधनाचा पाया घातला. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते. क्रियापदाची दिशा बदलून कर्ता-कर्म दाखवता येतात, आणि चेहऱ्यावरील हालचाल व्याकरणाचे काम करते. १९७०च्या दशकात मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आदींनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळुरू येथील खुणांचा अभ्यास केला. हिमाचल प्रदेशात जन्मलेले आणि अकराव्या वर्षी श्रवणशक्ती गमावलेले वसिष्ठ १९६७ मध्ये वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयात शिकण्यासाठी गेले आणि पुढे तेथेच त्यांनी अध्यापन केले. त्या महाविद्यालयाला पदवी देण्याचा अधिकार १८६४ मध्ये अब्राहम लिंकन यांच्या स्वाक्षरीने मिळालेला आहे. भारतीय बधिर माणसाच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या भारतीय बधिर अभ्यासकाला उच्च शिक्षणासाठी तेथवर जावे लागले, ही गोष्ट आपल्या विद्यापीठांच्या इतिहासातही नोंदवली पाहिजे.

१८८० च्या मिलान येथील परिषदेने बधिरांच्या शिक्षणात बोलण्याच्या पद्धतीला श्रेष्ठ ठरवून खुणांना बाजूला सारले. त्याचा परिणाम जगभर, भारतातील शाळांवरही, दीर्घकाळ राहिला. खुणा केल्या तर मूल बोलायला शिकणार नाही, ही धारणा अनेक शिक्षकांनी प्रामाणिकपणे बाळगली. २०१० मध्ये व्हँकुव्हर येथील परिषदेने मिलानचे ठराव नाकारून त्याबद्दल खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षांनी व्यक्त झालेला हा खेद मराठी शिक्षणक्षेत्रात फारसा पोहोचलेला दिसत नाही.

भारतातील अलीकडचा प्रवास आशादायक आणि खंडित असा दोन्ही आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २००९ मध्ये ब्रिटनमधील सेंट्रल लँकेशायर विद्यापीठाच्या सहकार्याने उपयोजित सांकेतिक भाषा अध्ययन हा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. बधिर विद्यार्थी स्वतःच्या भाषेतून, स्वतःच्या भाषेविषयी पदवी घेऊ शकत होते. हा अभ्यासक्रम टिकला नाही. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची मूळ कल्पनाही याच विद्यापीठाशी जोडलेली होती. पुढे २०१५ मध्ये ते केंद्र दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाच्या अखत्यारीत नव्याने स्थापन झाले. या स्थलांतराचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. भाषेचे केंद्र विद्यापीठाच्या छताखालून निघून कल्याणकारी खात्याच्या छताखाली आले. केंद्राचे काम मात्र मोलाचे आहे. मार्च २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा, २०१९ मध्ये ६,००० शब्दांचा आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा भारतीय सांकेतिक भाषेचा कोश त्याने प्रसिद्ध केला. शालेय पाठ्यपुस्तके या भाषेत आणण्यासाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेशी ऑक्टोबर २०२० मध्ये करार झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शिक्षणासाठी स्वतंत्र वाहिनीही सुरू झाली.

हे सारे बारावीपर्यंत येऊन थांबते. पदवीच्या विषयांची परिभाषा या भाषेत अद्याप पुरेशी नाही, आणि त्यावरून 'ही भाषा उच्च शिक्षणाला अपुरी आहे' असा आक्षेप घेतला जातो. मराठी वाचकाला हा आक्षेप ओळखीचा वाटावा. मराठीतून विज्ञान आणि अर्थशास्त्र शिकवता येणार नाही, असे एके काळी नेमक्या याच शब्दांत सांगितले जात होते. परिभाषा आधी कोशात घडते आणि मग वर्गात येते असे नाही. वर्गात गरज निर्माण झाली की ती घडते. बधिर विद्यार्थी वर्गात नाहीत म्हणून संज्ञा नाहीत, आणि संज्ञा नाहीत म्हणून विद्यार्थी नाहीत, असे हे चक्र आहे.

विखुरलेले समावेशन

यावर काय करावे, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर असे की, प्रत्येक महाविद्यालयाने आपापले समावेशन करावे. हे उत्तर समतेचे वाटते, परंतु बधिर विद्यार्थ्याच्या बाबतीत ते बहुधा घातक ठरते. तालुक्याच्या महाविद्यालयात तीन वर्षांत एखादा बधिर विद्यार्थी येतो. त्याच्यासाठी दुभाषी नेमणे त्या महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि त्याबद्दल त्या प्राचार्यांना दोष देणे न्याय्य होणार नाही. शिवाय दुभाषी मिळाला तरी त्या विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत गप्पा मारायला, वाद घालायला, प्रेमात पडायला वर्गात दुसरे कोणी नसते. दोनशे महाविद्यालयांत एकेक बधिर विद्यार्थी असणे ही आकडेवारीत उत्तम दिसणारी एकटेपणाची व्यवस्था आहे. भाषेला किमान दोन माणसे लागतात.

याउलट, प्रत्येक विद्यापीठाने आपल्या क्षेत्रातील दोन-तीन महाविद्यालये निवडावीत. तेथे दुभाषी, टिपणे घेणारे साहाय्यक, वसतिगृह आणि लेखी मराठीचा पूर्वतयारी वर्ग यांची सोय एकवटावी आणि बधिर विद्यार्थ्यांना तेथे ऐकू येणाऱ्यांबरोबर, त्याच विषयांत, पण गटाने शिकता यावे. तिरुवनंतपुरम येथील राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्थेत बधिर विद्यार्थ्यांसाठी संगणकशास्त्र, ललितकला आणि वाणिज्य या शाखांतील पदवी अभ्यासक्रम चालतात. एकवटलेल्या सोयींमुळे काय शक्य होते याचे ते उदाहरण आहे. मात्र या शाखांची निवडही बोलकी आहे. इतिहास, साहित्य, राज्यशास्त्र असे शब्दबहुल विषय बधिरांना झेपणार नाहीत, ही समजूत आपल्याकडेही आहे. ती तपासून न पाहताच शिरोधार्य मानली गेली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सारा सनी या बधिर वकील सांकेतिक भाषेच्या दुभाष्याच्या साहाय्याने उपस्थित झाल्या. कायद्याइतका शब्दबहुल विषय दुसरा शोधूनही सापडणार नाही.

गटाने शिकवणे म्हणजे वेगळे काढणे, असा आक्षेप यावर येईल. तो गंभीर आहे, कारण वेगळे काढण्याचा अपंगांचा अनुभव कडू आहे. पण मराठी मुलांसाठी बडोद्यात किंवा दिल्लीत मराठी शाळा काढली गेली, तेव्हा तिला कोणी विलगीकरण म्हटले नाही. त्याच महाविद्यालयात ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यांना भारतीय सांकेतिक भाषा वैकल्पिक अभ्यासक्रम म्हणून, श्रेयांकांसह शिकता आली, तर वही देणारा मित्र निदान प्रशिक्षित होईल आणि त्याच्या श्रमाची नोंदही होईल. नव्या श्रेयांक पद्धतीत यास जागा आहे. ती शिकवण्यास बधिर शिक्षकच सर्वांत योग्य. कलम १७ मध्ये दिव्यांग शिक्षकांसह सांकेतिक भाषेत पात्र शिक्षक नेमण्याचा उल्लेख आहेच.

खर्चाचा मुद्दा शेवटी येतो आणि तेथेच बहुतेक चर्चा थांबते. उतारासाठी बांधकाम निधी मिळतो, कारण तो एकदाच खर्च होतो. दुभाष्याला दरमहा वेतन द्यावे लागते. त्याच्या प्रशिक्षणाची पदविका आज देशात उपलब्ध आहे आणि ती घेतलेले तरुण बहुधा तासिका तत्त्वावर, एखाद्या कार्यक्रमापुरते बोलावले जातात. अनुदानित महाविद्यालयाच्या शिक्षकेतर पदांच्या आकृतिबंधात ग्रंथालय परिचर आहे, प्रयोगशाळा साहाय्यक आहे, कनिष्ठ लिपिक आहे. दुभाषी हे पद त्यात नाही, आणि जे पद आकृतिबंधात नाही त्याची जाहिरात देण्याचा अधिकार प्राचार्यांना नसतो.